बोटं दोनच काळी, मग पाय गुडघ्याखालून का?

प्रश्न: आमचे अण्णा ६३ वर्षांचे. पंधरा वर्षांपासून शुगर, बिडीची सवय. यंदा वारीहून आल्यावर डाव्या करंगळीखालचं कुरूप त्यांनी घरीच ब्लेडनं तासलं. जखम झाली ती त्यांना कळलीच नाही. आता करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलंय, तळवा सुजलाय, वास येतो. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, दोन बोटं काढू. पुण्याच्या सर्जननी डॉपलर (रक्त कसं वाहतंय ते पाहायची तपासणी) करून सांगितलं, पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. बोटं दोन आणि पाय अर्धा? आम्हाला फसवतायत का? आधी बोटं काढून बघू, नाही जमलं तर वर जाऊ, असं नाही का करता येणार? अण्णा म्हणतात, “मला अख्खा जाळा, तुकड्या-तुकड्यानं नको.” आईला अजून काही सांगितलेलं नाही.
— एक मुलगा, फलटण तालुका

उत्तर:

तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी फोनवर मी एवढंच म्हणालो होतो, की अण्णांना आजच्या आज दाखल करा. बोटं की पाय, ते दाखल झाल्यावर ठरेल. ते इथं पुन्हा लिहितो, कारण हे सदर वाचणाऱ्या आणखी चार घरांत असाच एखादा पाय उशीवर ठेवलेला असणार. गँगरीन म्हणजे रक्ताअभावी मेलेलं, काळं पडलेलं मांस. कोरडं गँगरीन खारकेसारखं सुकलेलं असतं, त्याला वास नसतो, त्यात विचार करायला दिवस मिळतात. वास, पू, सूज आली की ते ओलं. त्यात थंडी-ताप आला, माणूस असंबद्ध बोलायला लागला, सूज घोट्याच्या वर चढली, तर सकाळ व्हायचीही वाट बघायची नाही. शुगरच्या माणसाला कधीकधी ताप येतसुद्धा नाही, नुसती शुगर आटोक्याबाहेर जाते. तीही खूणच.

आता फसवणुकीचं. तुमचा संशय मला अजिबात लागला नाही. दोन बोटांचं बिल आणि अर्ध्या पायाचं बिल सारखं नसतं, आणि आमच्या धंद्यानं लोकांना संशय घ्यायला कारणं पुरवलेली आहेत. पण या बाबतीत दोन डॉक्टरांची दोन मतं असणं म्हणजे एक जण खोटा, असं नाही. एकानं काय मेलंय ते पाहिलं. दुसऱ्यानं काय भरून येईल ते पाहिलं.

तुम्ही फलटणचे, म्हणून नीरा उजव्या कालव्याचं उदाहरण देतो. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, रानात उभा ऊस थोड्याशा ओलीवर तग धरून राहतो. लांबून पाहिलं तर हिरवाच दिसतो. पण त्याच रानात नवी लागण करायची म्हटली तर पाण्याची पूर्ण पाळी लागते. पायाचंही तसंच. कातडी नुसती जिवंत राहायला जेवढं रक्त लागतं त्याच्या कितीतरी पट जास्त रक्त कापलेली कातडी सांधायला लागतं. म्हणून काळ्या बोटांच्या वर जो पाय तुम्हाला चांगला दिसतोय तो कापेपर्यंतच चांगला असू शकतो. टाके घातले की आठ दिवसांत कडा काळ्या पडतात.

म्हणून पहिला प्रश्न ‘कुठून कापायचं’ हा नाहीच. पाट कुठं तुंबलाय आणि तो मोकळा होतो का, हा आहे. रक्तवाहिन्यांच्या सर्जननं, म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जननं, अण्णांचा पाय पाहिला का, हे तुमच्या पत्रात कुठं नाही. फुग्यानं अँजिओप्लास्टी करून किंवा बायपास करून रक्त खाली पोचवता आलं, तर दोन बोटांवर किंवा पुढच्या अर्ध्या पावलावर भागू शकतं. तालुक्याचे डॉक्टर तेव्हा बरोबर ठरतील. वाहिनी मोकळी होण्यासारखी नसेल, किंवा पू टाचेपर्यंत, घोट्यापर्यंत चढला असेल, तर पुण्याचे सर्जन बरोबर. हे मत दोन दिवसांच्या आत, अण्णा दाखल असताना, सलाईनमधून अँटिबायोटिक चालू असताना घ्यायचं. गावोगाव फिरून नव्हे. आणि कुणी लेप देत असेल तर त्याला माझा नमस्कार सांगा.

रिपोर्टबद्दल एक सावधगिरी. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, याला एबीआय म्हणतात. निरोगी माणसात तो एकच्या आसपास असतो, ०.९ च्या खाली गेला की वाहिन्यांत अडथळा आहे असं धरतात. पण जुन्या मधुमेहात धमन्यांच्या भिंतींत चुना साठून त्या पाइपासारख्या कडक होतात, पट्ट्यानं दाबल्या जात नाहीत, आणि आकडा खोटाच चांगला येतो. १.३ किंवा १.४ आला म्हणून ‘अण्णांचं रक्त तर एक नंबर आहे’ असं समजू नका. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजतात, किंवा कातडीवर लावलेल्या सेन्सरनं तिथला प्राणवायू. हा प्राणवायूचा आकडा ४० च्या पुढे असेल तर जखम भरायची आशा चांगली, २० च्या खाली असेल तर जवळजवळ नाहीच. ही सोय सगळीकडे नसते. मग सर्जन हात लावून पाय कुठवर गार आहे ते पाहतो, गुडघ्यामागची नाडी लागते का पाहतो, आणि ऑपरेशनच्या टेबलावर कातडीची कड लालभडक वाहते का, ते पाहतो. जुनी पद्धत आहे, पण टाकाऊ नाही.

‘आधी बोटं, मग बघू’ याबद्दल माझीच एक गोष्ट सांगतो. मी नवखा होतो. एका घरातल्या सगळ्यांनी अक्षरशः पाय धरले माझे, ‘एवढी दोनच बोटं काढा’ म्हणून. रक्तपुरवठा नीट न तपासता मी काढली. तीन आठवड्यांनी अर्धं पाऊल काढलं. पुढच्या महिन्यात गुडघ्याखाली. तोवर माणूस अंथरुणात पडून इतका खंगला, गुडघा इतका आखडला, की ती जखमही भरेना आणि शेवटी मांडीतून पाय गेला. पहिल्याच दिवशी गुडघ्याखाली काढला असता तर गुडघा वाचला असता. त्या घरानं मला दोष दिला नाही. मी मात्र त्यानंतर कुणाच्या पाया पडण्यानं बधलो नाही. तुमचे अण्णा ‘तुकड्या-तुकड्यानं नको’ म्हणतायत ते शल्यचिकित्सेच्या दृष्टीनंही खरं आहे. हप्त्यानं पाय काढायचा नसतो.

याला एक अपवाद आहे आणि तो तुमच्या कामी येऊ शकतो, म्हणून सांगतो. पू आणि विष अंगात फार भिनलेलं असेल, तर पहिल्या दिवशी टाके न घालता नुसता सडका भाग उघडतात, क्वचित घोट्याशीच पाय सरळ तोडून जखम उघडी ठेवतात. चार-पाच दिवसांनी माणूस सावरला की ठरलेल्या जागी नीट ऑपरेशन करतात. हे दोन टप्पे आधी ठरवलेले असतात. बघू-बघू म्हणत वर सरकणं वेगळं.

बरं, गुडघ्यावर एवढा भर का? गुडघा राहिला तर कृत्रिम पायावर माणूस चालतो. गेला तर बहुतेक वेळा, अण्णांच्या वयात, ओढत चालतो किंवा खुर्चीत बसतो. कृत्रिम पाय वापरून तेवढंच अंतर चालायला गुडघ्याखालच्या ऑपरेशननंतर साधारण २५ ते ४० टक्के जास्त शक्ती लागते, गुडघ्यावरच्या ऑपरेशननंतर ६० ते १०० टक्के. रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांनी त्यातला मोठा आकडाच धरायचा. पायाच्या धमन्या तुंबलेल्या माणसाच्या हृदयाच्या धमन्या काही वेगळ्या गावच्या नसतात. दुप्पट शक्ती हे हृदय कुठून आणणार? म्हणून ‘गुडघ्याखालून काढू’ हे वाक्य तुम्हाला शिक्षेसारखं ऐकू आलं असलं, तरी ते बोलणारा सर्जन अण्णांचा गुडघा वाचवायला बघतोय.

आणि मग प्रश्न येतो, गुडघ्याखाली तर गुडघ्याखाली, पण घोट्याच्या जरा वर काढा ना, जास्त पाय राहील. इथं जास्त लांबी म्हणजे जास्त फायदा नसतो. नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागात मांस नाही, नुसती कातडी आणि हाड, रक्तही कमी. तिथं गादी तयार होत नाही. म्हणून गुडघ्याच्या सांध्याखाली साधारण साडेबारा ते साडेसतरा सेंटिमीटर हाड ठेवतात. आमच्या शिकवणीतला ढोबळ हिशेब असा, की उंचीच्या दर ३० सेंटिमीटरला अडीच सेंटिमीटर. अण्णा साडेपाच फूट असतील तर चौदा सेंटिमीटर झालं. त्यापेक्षा फार आखूड ठेवलं तर कृत्रिम पायाच्या साच्यात पकड मिळत नाही.

लोकांना वाटतं, पाय काढणं म्हणजे करवत फिरवणं. कधीकाळी तसं होतं. २१ डिसेंबर १८४६ ला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये रॉबर्ट लिस्टन यांनी ईथरची भूल देऊन एका माणसाचा पाय मांडीतून काढला, तो अर्ध्या मिनिटाच्या आसपास. भूल नव्हती त्या काळात वेग हाच सर्जनचा दयाळूपणा होता आणि हात तसा तयार झालेला होता. आज कमरेत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात आणि तास-दीड तास शांतपणे काम चालतं, कारण हे काढण्याचं ऑपरेशन कमी आणि घडवण्याचं जास्त. पोटरीचं कातडं आणि मांस मागून लांब ठेवतात आणि पुढे दुमडून हाडाच्या टोकावर गादीसारखं शिवतात. मागूनच का, तर तिथलं रक्त चांगलं. नडगीची पुढची धार तासून गोल करतात, नाहीतर ती आतून कातडीला टोचत राहते. शेजारचं बारीक हाड सेंटिमीटरभर आखूड ठेवतात. धमनी आणि शीर वेगवेगळ्या बांधतात. आणि नस, म्हणजे संवेदना नेणारा मज्जातंतू, हलक्या हातानं जराशी ओढून, धारदार पात्यानं कापून सोडून देतात, म्हणजे ती वर मांसात सरकते. कापलेल्या नसेच्या टोकाला कोंब फुटल्यासारखी गाठ येतेच. ती मऊ मांसात आली तर जाणवत नाही, साच्याला घासेल अशा जागी आली तर माणूस आयुष्यभर कळवळतो. पुढं अण्णा किती चालतील हे बऱ्याच अंशी या तासाभरात ठरतं. तेव्हा हे काम शिकाऊ हातांवर सोडलेलं नाही ना, एवढं नम्रपणे विचारायला हरकत नाही.

जोखीम लपवत नाही. अशा रुग्णांपैकी काही जण पहिल्या महिन्यातच जातात, आणि बहुतेकदा पायामुळे नव्हे, हृदयामुळे किंवा अंगात भिनलेल्या जंतूंमुळे. म्हणून आधी ईसीजी, इको, किडनीचे रिपोर्ट, हिमोग्लोबिन. रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे एक प्रथिन, किती आहे ते विचारा. साडेतीनच्या खाली असेल तर जखम भरायला जड जाते. वारकरी माणूस, अंडं चालणार नाही हे धरतो. दूध, पनीर, डाळी, उसळी किडनीच्या डॉक्टरांना विचारून वाढवा. बिडी आजपासून बंद. उद्यापासून म्हणालात तर हा लेख इथंच ठेवा.

‘मला अख्खा जाळा.’ हे मी शेकडो वेळा ऐकलंय. त्यावर वाद घालू नका. पुष्कळदा त्यामागं धर्मापेक्षा दुसरीच भीती असते: मी ओझं होईन. हिला माझी शी-शू काढावी लागेल. ती भीती त्यांना बोलू द्या. दवाखाना काढलेल्या पायाचं काय करतो, हेही त्यांना हवं तर सांगा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे तो पिवळ्या पिशवीत जातो आणि जाळला जातो किंवा खोल पुरला जातो. काही कुटुंबं पाय मागून घेऊन स्वतः अग्नी देतात. तसं हवं असेल तर ऑपरेशनच्या आधी लेखी विचारा, नंतर धावपळ होते. अण्णांना म्हणावं, पाय पुढं गेला, तुम्ही मागून सावकाश या. वारकऱ्याला असला विनोद चालतो, पण तुमच्या घरी चालतो का ते तुम्हीच ठरवा.

आईला आज सांगा. जिला वर्षानुवर्षं तो पाय धुवायचा आहे, तिला शेवटी कळवणं मला बरं वाटत नाही.

अण्णांना हिंमत यावी म्हणून कुणीतरी त्यांना कृत्रिम पायावर नाचणाऱ्या नर्तिका सुधा चंद्रन यांचा व्हिडिओ दाखवेल. दाखवू नका. त्यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर गेला तेव्हा त्या शाळकरी वयाच्या होत्या, रक्तवाहिन्या कोवळ्या आणि नाच अंगात भिनलेला. अण्णांची बरोबरी त्यांच्याशी नाही. त्यापेक्षा तुमच्याच तालुक्यात शुगरनं पाय गेलेला आणि आता जयपूर फूट, म्हणजे रबरी पावलाचा कृत्रिम पाय, लावून स्वतः दूध घालायला डेअरीवर जाणारा एखादा साठीतला गडी सापडतो का बघा. नक्की सापडेल. त्याला अर्धा तास अण्णांजवळ बसवा आणि तुम्ही बाहेर जा.

ऑपरेशननंतरच्या चुका घरचे लोक मायेपोटी करतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे गुडघ्याखाली उशी. बरं वाटतं म्हणून ठेवतात, दोन-तीन आठवड्यांत गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग साचा बसत नाही. एवढा वाचवलेला गुडघा उशीनं घालवू नका. पाय सरळ, आणि दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपवायचं, म्हणजे खुबाही सरळ राहतो. उरलेल्या पायाला आठच्या आकड्यासारखा क्रेप बँडेज बांधायला फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. टोकाकडे घट्ट आणि वर सैल. उलटं झालं तर टोक भोपळ्यासारखं सुजतं.

दुसरं, रात्री कॉटजवळ कुणीतरी झोपा. अण्णांना पाय आहे असंच वाटत राहणार. झोपेत लघवीला उठतील, डावा पाय टाकतील आणि पडतील. नसलेल्या पायाचा अंगठा खाजतो, करंगळी पेटल्यासारखी होते. हे वेड नाही. मेंदूतल्या नकाशात पाय अजून आहे. फ्रेंच सर्जन आंब्रुआझ पारे यांनी सोळाव्या शतकातच याचं वर्णन केलंय. यावर गोळ्या आहेत, उरलेल्या पायाला टॉवेलनं चोळणं आहे. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरशाची युक्ती काढली: दोन पायांमध्ये उभा आरसा धरायचा आणि उजव्या पायाचं प्रतिबिंब डावा पाय म्हणून हलताना बघायचं. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण घरचा आरसा चालतो आणि खर्च शून्य.

टाके शुगरच्या रुग्णात तीन आठवडे ठेवतात. सूज उतरून जखम पक्की झाली की साधारण दोन ते तीन महिन्यांत पहिला कृत्रिम पाय. उरलेला पाय वर्षभर बारीक होत राहतो, त्यामुळे पहिला साचा सैल होणार आणि बदलावा लागणार. तो बिघडला असं समजू नका. १९६८ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जे रबरी पाऊल घडवलं, ते आपल्या माणसांचं जगणं बघून घडवलं. ते अनवाणी चालतं, चिखलात चालतं, उकिडवं बसू देतं, मांडी घालू देतं. भजनाला बसणाऱ्या माणसाला तेच बरं. पुण्यात वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४४ मध्ये सैनिकांसाठी सुरू झालेलं. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. जयपूर फूटची मोफत शिबिरं भरतात. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. गुडघ्याखालचा पाय गेला की ४० टक्के अपंगत्वाची अट सहज पुरी होते. खर्चासाठी दवाखान्यात फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, कुठं बसतो ते दाखल होतानाच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

वारीचं विचाराल. पूर्ण पायी वारी होईल असं मी म्हणणार नाही. फलटणच्या मुक्कामाला पालखी येते तेव्हा घरापासून तळापर्यंत अण्णा स्वतःच्या पायानं जातील, यावर मात्र मी पैज लावायला तयार आहे. पण अनवाणी नाही. आता उजवा पाय त्यांच्या देहातला सर्वांत मौल्यवान अवयव आहे आणि तोही त्याच कालव्याच्या टेलला आहे. त्याला संवेदना नाही, तापलेलं डांबर कळत नाही. रोज संध्याकाळी आईनं तळवा आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. मऊ एमसीआर चप्पल, म्हणजे शुगरच्या पायांसाठीच्या मऊ रबराची, घरातही. गरम पाण्याचा शेक नाही. आणि ते ब्लेड घरातून बाहेर.

कृत्रिम पाय बसवायला जाल तेव्हा चपलांचा पूर्ण जोड घेऊन जा. तंत्रज्ञ टाचेची उंची त्या जोडावरून जुळवतो. बहुतेक लोक एकच चप्पल आणतात, कारण दुसरी घरातल्या कुणीतरी ऑपरेशनच्या दिवशीच फेकून दिलेली असते. अण्णांची डावी चप्पल ठेवा.